माझ्या पाठीतले कुंभारणीचे घर

मित्रांनो, मला अजून पाच वर्षेही पुरी झालेली नाहीत, तरी घरात सगळे मला जुना म्हणतात. मी एक लॅपटॉप आहे. खेळ खेळण्यासाठी बनवलेला, पण स्वस्तातला. माझी एक बिजागरी मोडकी आहे, पोटात बॅटरी नाही, आणि पाठीच्या जाळीवर मातीचे एक रिकामे गाडगे चिकटलेले आहे. सुपारीपेक्षा थोडे मोठे. ते तिथे कसे आले आणि आजही कोणी ते खरवडून का काढत नाही, ते सांगतो. सांगताना मला स्वतःलाच अजून ते खरे वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे तिथे दिवसाला हजारो जन्मतात. मला मेंदू वेगवान दिला, चित्रे रंगवणारा भाग बळकट दिला, आणि तिथेच सगळा खर्च होऊन गेला. मग उरलेल्या अंगाला प्लास्टिक आले. आतली उष्णता बाहेर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या तीन हव्या होत्या, दोन बसवल्या. झाकण बंद झाल्यावर कोण मोजतो?

तपासणीच्या खोलीत मला पूर्ण वेगाने पळवले. पडद्यावर आकडे भराभर चढले आणि मला वाटले, माझ्यासारखा मीच. तेवढ्यात टेबलाशी बसलेल्या एका माणसाने दुसऱ्याला विचारले, "हा असा किती वर्षं पळेल?"

"असा?" दुसरा म्हणाला. "असा एक वर्ष. पुढं त्याचं नशीब."

आणि दोघे चहाला निघून गेले. मी सुन्न झालो. जन्माला येऊन तासभरही झाला नव्हता आणि माझे आयुष्य असे जाता जाता सांगून टाकले होते. मग मला खोक्यात घातले. खोक्यावर माझ्या वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. तो दुसरा आकडा कुठेच छापलेला नव्हता.

तिथून मी आलो रामनगरला. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून नागराजचे दुकान आहे. दिवसभर ट्रक जातात आणि नागराज दिवसभर फडक्याने धूळ झटकतो. फळीवर माझ्या शेजारी एक करडा लॅपटॉप होता. जाडजूड, बिजागऱ्या लोखंडी, कुठल्याशा कचेरीत सहा वर्षे वापरून आलेला. माझ्या कळांखाली लाल दिवे लागत. त्याला दिवेच नव्हते. मी त्याच्याकडे वळून बघतही नसे.

एके दिवशी गुणा नावाचा एक शेतकरी त्याच्या मुलीला घेऊन आला. कुंभारवाडा गावाकडच्या रानातल्या एका वाडीत त्याचे घर. मुलीचे नाव सुप्रिया. ती बेळगावला वसतिगृहात राहून संगणकावर चित्रे काढायला शिकत होती. घर असो, यंत्र असो, ते चारी बाजूंनी फिरवून बघता येईल अशी चित्रे.

"मामा, दोन्ही एकाच किमतीचे," नागराज म्हणाला. "हा पळतो. तो टिकतो."

"पळतो आणि टिकतो असा न्हाई काय गा?" गुणाने विचारले.

"हाय की. पण तो ह्या किमतीत न्हाई. ह्या किमतीत दोन्हीपैकी एकच काय ते मागा."

मग गुणाने मला तपासले. मित्रांनो, बाजारात बैल तपासतात तसे. त्याने माझे झाकण एका बोटाने उचलले, तर झाकणाबरोबर मी सगळाच उचलला गेलो. त्याने माझी पाठ चेपली, तर प्लास्टिक कुरकुरले. शेवटी त्याने जाळीपुढे तळहात धरला आणि नागराजकडे बघितले.

"ह्याला धाप लागत्याय गा. अजून जू मानेवर ठेवलंबी न्हाई."

मला आजवर कोणी असे बोलले नव्हते.

"बाबा, तो करडा माझं काम उचलणारच न्हाई," सुप्रिया म्हणाली. "माझी चित्रं जड असत्यात. हाच पाहिजे."

"पळणारा बैल चिखलात बसतो, बाय."

"मला कुठं चिखल करायचाय?"

"चिखल कुणाला चुकलाय?" गुणा म्हणाला. पण मुलीचे तोंड बघून त्याने मान हलवली. "घे. पण निवडलास तू. बसला तर शेपूट तूच पिळायचीस."

पहिले वर्ष कौतुकात गेले. वसतिगृहातल्या मुली मला बघायला येत. सुप्रियाच्या खोलीत राहणारी प्रियांका माझ्यावर मोटारींच्या शर्यती खेळायची. माझ्या वरच्या रांगेत पंख्याचे चित्र असलेली एक कळ आहे. ती दाबली की माझी चाल बदलते. शांत, मध्यम आणि तेज. तेज चालीत माझा दिवा लाल होतो आणि पंखे असे घोंघावतात की शेजारच्या खोलीत ऐकू जाते.

"लाव तुझा पंखा," प्रियांका म्हणायची, "म्हंजे माझे कपडे तरी वाळतील."

शांत चाल मला कोणी कधी लावली नाही. ती कशाला दिली आहे, हेही मला कळत नसे. पळायचे सोडून कोणी चालेल कशाला?

दुसऱ्या वर्षी एका सकाळी सुप्रियाने झाकण उघडले आणि माझ्या डाव्या खांद्यात काडकन आवाज झाला. बिजागरी प्लास्टिकमधून उपटून आली होती. कोणी आपटले नव्हते, कोणी पाडले नव्हते. रोज उघडले, रोज मिटले, एवढेच. एवढ्याने मी मोडावे, हे मला पटेना. नागराजने पत्र्याची पट्टी लावून दोन स्क्रू आवळले. तेव्हापासून सुप्रिया मला दोन्ही हातांनी उघडते, झोपलेल्या मुलाचे पांघरूण काढावे तसे.

शिक्षण संपले आणि आम्ही वाडीवर आलो. घरात गुणा, त्याची आई शांता, आणि सुप्रियाची वहिनी रक्षा. रक्षाचा नवरा सुदेश गोव्यात एका कारखान्यात कामाला. आमच्या इथे पाऊस लागला की चार महिने उघडत नाही. भिंतीला ओल, कपड्यांना ओल, चामड्याच्या वहाणेवर बुरशी. लावणीच्या दिवसांत सुप्रिया आठ दिवस गुंद गावाला मावशीकडे गेली, आणि तेवढ्यात शांताआजीने माझी काळजी घेतली.

चुलीच्या वर बांबूच्या कामट्यांची एक ताटी टांगलेली असते. बियाणे, मिरच्या, टोपल्या, जे जे बुरसू नये ते ते आमच्याकडे त्या ताटीवर ठेवतात. खालचा धूर लागला की कीड लागत नाही. आजीने मला फडक्यात गुंडाळले आणि भाताच्या बियाण्याशेजारी ठेवून दिले. आठ दिवस खालून धूर आणि ऊब. घरातल्या सगळ्यांत मोलाच्या वस्तूंत तिने मला बसवले होते, आणि मी आतून काळा पडत होतो.

सुप्रिया आली. "आज्जी, माझा लॅपटॉप कुठाय?"

"बियाण्यासंगं हाय. सुकाच हाय बग."

सुप्रिया मटकन खाली बसली.

नागराजने मला उघडले तेव्हा पंख्यावर काजळीचा थर होता आणि बॅटरी भाकरीसारखी फुगली होती. "ह्याला बोंबलासारखं सुकवलासा व्हय?" त्याने विचारले. बॅटरी त्याने काढूनच टाकली. त्या दिवसापासून वायर निघाली की मी मेलो. आजीवर कोणी रागावले नाही. तिने माझे चांगलेच केले होते, तिला ठाऊक असलेल्या रीतीने.

पाऊस सरला. भात कापणीला आले. सगळे घर खळ्यावर होते आणि मी महिनाभर खिडकीच्या फळीवर पडून होतो, अंगावर एक पातळ फडके. पाठीकडच्या बाजूला कधी कधी कोणी हळूच स्पर्श केल्यासारखे वाटे. वाटले, वारा असेल.

आणि मग बेळगावच्या एका कंपनीचे पत्र सुप्रियाच्या मोबाइलवर आले. त्यांना घरांची हलती चित्रे बनवणारे माणूस हवे होते. परीक्षा एकच. तुमचे स्वतःचे घर संगणकावर उभे करा आणि त्यात फिरून आल्यासारखी वीस सेकंदांची फिल्म पाठवा. सोमवारी सकाळी दहाच्या आत. दहा वाजून एक मिनिटाने आलेले घेणार नाही. त्याच दिवशी चारपर्यंत फोन येईल.

इकडे सुदेशने बहिणीसाठी त्याच्याच कारखान्यात डबे भरण्याच्या कामावर जागा सांगून ठेवली होती. मंगळवारी हजर व्हायचे, नाहीतर ती जागा दुसरीला. प्रियांका तसल्याच कामावर आधीच गेली होती. ती फोनवर म्हणाली होती, "बारा तास उभी असते गे. खोलीवर आल्यावर पेन्सिल बघितली तरी हात दुखतो." सुप्रियाने पिशवी भरून खुंटीला लावली होती. ती पिशवी आणि मी एकाच खोलीत होतो. दोघांपैकी एकाचेच काम होणार होते.

दहा दिवस खपून तिने घर उभे केले. अंगण, ओसरी, चूल, वरची ताटी, ताटीवरच्या टोपल्या. आता फिल्म तेवढी बनवायची होती. वीस सेकंदांत चारशे ऐंशी चित्रे बसतात, आणि एकेका चित्रात ऊन कुठून येते, सावली कुठे पडते, हे सगळे मलाच मोजून रंगवावे लागते. शुक्रवारी सकाळी तिने पंख्याची कळ दाबली. दिवा लाल झाला. संध्याकाळपर्यंत संपवतो, असे माझ्या मनात होते. याच कामासाठी तर मी जन्मलो होतो.

दोन तासांनी मी बसलो.

काही इशारा नाही, काही नाही. पडदा काळा. झालेली सगळी चित्रे एकाच फिल्ममध्ये बांधलेली होती, तीही गेली. सुप्रियाने माझ्या खाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. मग तिने मला वळवून जाळी बघितली, आणि तिच्याबरोबर मीही बघितले.

माझ्या उजव्या जाळीवर मातीचे घर होते.

तुम्ही कुंभारीण माशी बघितली असेल. कमरेला बारीक, काळी. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडातून आणते, गाडग्यासारखे घर घडवते, आत अंडे घालते, त्याच्या खाण्यासाठी अळ्या बधिर करून ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. माझी अर्धी जाळी तिने लिंपून टाकली होती. त्या महिन्यात माझ्या अंगावर कोणी घर बांधत होते आणि मला पत्ताच नव्हता. वेगाचा एवढा मोठा आकडा आणि एका माशीने मातीच्या गोळ्यांनी तो बसवला.

सुप्रियाने केसांतला आकडा काढला आणि खरवडायला टोक लावले.

"हात लावू नकोस." आजी दारात उभी होती.

"आज्जी, सोमवारला तीन दिस राहिल्यात."

"आत लेकरू हाय. कुंभारीण घर बांधती ते बघून बांधती. घरात पोटुशी बाई असताना तिचं घर मोडत न्हाईत."

"तसलं काही नसतं गे, आज्जी."

आजी दारातच उभी राहिली. तिच्या मागे रक्षा उभी होती. तिला आठवा महिना होता. मागच्या वर्षी तिचे बाळ पोटातच गेले होते. तिने पोटावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघितले.

सुप्रियाने आकडा परत केसांत खोचला. ती अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथल्या एका दगडावर उभे राहिले तर फोन लागतो, पण बोलण्यापुरताच. तिने नागराजला फोन लावला.

"खरवडून टाक की," नागराज म्हणाला. "त्याला काय मला विचारायला पाहिजे?"

"आज्जी न्हाई म्हणतीया. वैनीला आठवा हाय."



"मग न्हाई," नागराज म्हणाला. "मग मीबी तसलं सांगत न्हाई. माझ्या बायकोच्या वेळी कुंभारणीनं दुकानाच्या शटरवर घर बांधलं होतं. दीड महिना अर्धं शटर उघडून धंदा केला. ऐक, पंख्याची कळ शांतवर टाक. आणि सरळ फिल्म करू नकोस. एकेक चित्र वेगळं ठेव. मधीच बसला तरी झालेलं जात न्हाई."

"शांतवर लई वेळ लागतोय."

"बसलेल्याला त्याहून लई लागतोय."

ती आत येताना गुणा रानात निघाला होता. त्याने सगळे ऐकले होते. जाता जाता तो म्हणाला, "चार तासांनी उभा कर त्याला. बैलाला करतात तसं. मग बसत न्हाई."

दुपारी तीन वाजता सुप्रियाने मला शांत चाल लावली. जन्मात पहिल्यांदा. दिवा पांढरा झाला, पंखे पुटपुटल्यासारखे फिरू लागले. एका चित्राला पाच मिनिटे. मला माझीच लाज वाटली. तरी मी चाललो. तिने घड्याळ समोर ठेवले होते. सात वाजता थांबवायचे होते.

सहाच्या सुमाराला आजी आली आणि तिने जाळीवरच्या मातीला बोट लावले.

"बंद कर," ती म्हणाली. "कुंभाराचा आवा पेटवलास व्हय गे? गाडगं भाजायचं न्हाई. आत जीव हाय."

मित्रांनो, मी हे कधी मनात आणले नव्हते. मला वाटत होते, तापतो तो मीच. माझी जाळी तापते म्हणजे त्या मातीच्या आत काहीतरी भाजते, हे मला एका अडाणी म्हातारीच्या बोटाने सांगितले. सुप्रियाने घाईघाईने मला थांबवले. तीन तासांत छत्तीस चित्रे झाली होती. तिने डोके धरले.

गुणा परतला तेव्हा ती तशीच बसून होती.

"बाबा, तूच म्हटलास चार तास चालव म्हणून. तीनातच तापला."

"कितीला सुरू केलास?"

"तीनला. आता सहा."

गुणाने कोयता खाली ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिला. "घड्याळाचा तास व्हय? बैलाला कुठलं घड्याळ, बाय? मी नांगराचं तास म्हटलो. ह्या बांधापास्नं त्या बांधापर्यंत गेलं की एक तास. तसली चार झाली की बांधाला उभा करायचा."

नांगराने एका दमात पाडलेली रेघ, तिलाही आमच्यात तास म्हणतात. सुप्रिया शेतकऱ्याची मुलगी, तिला हे ठाऊक होते. पण बेळगावात राहून तिच्या कानाला घड्याळाचाच तास ऐकायची सवय लागली होती. रक्षाला हसू आले आणि तिने ते पदराने झाकले. मग सुप्रियाही हसली, डोळे पुसत.

"मग ह्याचं तास कुठलं?" तिने विचारले.

"दाव मला, हा काम कसं करतो."

थोडा थंड झाल्यावर तिने एक चित्र रंगवून दाखवले. वरच्या कडेपासून पट्ट्यापट्ट्याने रंग उतरत उतरत खालच्या कडेला पोचला. गुणा मन लावून बघत होता.

"ह्या बांधापास्नं त्या बांधापर्यंत," तो म्हणाला. "हेच एक तास. चार चित्रं कर, मग उभा कर."

"किती वेळ?"

"बैलाची धाप बसंपर्यंत."

"एक विडा खाऊन होईस्तवर," आजीने सांगितले.

सुप्रियाने कागदावर मांडून बघितले. चार चित्रांना वीस मिनिटे, विड्याला पाच. शनिवारी पहाटे सुरू केले तर सोमवारी पहाटे संपणार होते, आणि तेही मध्ये काही अडले नाही तर. मला त्या कागदाकडे बघवेना. एका दिवसाचे काम दोन दिवस आणि दोन रात्रींचे झाले होते, आणि त्याचे कारण मी होतो.

शनिवार, रविवार त्या घरात एकच काम चालू होते. पाळ्या लावून घेतल्या. चार चित्रे झाली की थांबवायची कळ दाबायची, विडा संपला की चालू करायची. आजीला पडद्यावरचे आकडे वाचता येत नसत. तिने समोर चार सुपाऱ्या मांडल्या. एक चित्र झाले की एक सुपारी उजवीकडून डावीकडे. चौथी सरकली की मला थांबवायची आणि जाळीवरच्या मातीला बोट लावून बघायची. गार असेल तरच पुढे.

"आये, तुझ्या विड्यांनीच पान संपायलंय," गुणा म्हणाला.

"मग जा आणि आण. बैल माझ्या हातात हाय."

रविवारी दुपारी लाइट गेली. मी मेलो. अडीच तास तसाच पडून होतो. लाइट आली, सुप्रियाने दोन्ही हातांनी मला उघडले, आणि चित्रे होती तिथेच होती. एकही गेले नव्हते. पूर्वी मी मेलो की सगळे घेऊन मरायचो. या वेळी माझ्या आधीच्या प्रत्येक तासाचे पीक राखलेले होते. मला धक्का बसला तो याचाच. मी बसलो, आणि तरी काही बुडाले नाही.

सोमवारी उजाडता उजाडता चारशे ऐंशीवे चित्र पुरे झाले. सुप्रियाने ती सगळी जोडून फिल्म केली, मोबाइलमध्ये घेतली आणि टेकडी चढायला निघाली. एवढी जड फिल्म जायची तर टेकडीवरच जावे लागते. गुणा तिच्यामागून गेला. खुंटीवरची पिशवी तशीच लटकत होती. त्या दिवशी मी बंद होतो आणि तरी मला तापल्यासारखे वाटत होते.

ती दोघे परतली तेव्हा ऊन कलले होते. सुप्रिया आत आली, थेट खुंटीपाशी गेली, पिशवी खाली घेतली. मला वाटले, संपले. मग तिने एकेक कपडा बाहेर काढला आणि परत दोरीवर टाकला. रक्षाने तिच्याकडे बघितले, आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

"काय म्हणाले?" आजीने विचारले.

"फिल्म साडेनवाला पोचली. चार वाजता फोन आला. या म्हणाले. आणि विचारलं, एवढं कुठल्या यंत्रावर केलंस? मी म्हटलं, घरचाच हाय. चार तासांनी उभा करावा लागतोय."

त्यानंतर तेरा दिवसांनी, सकाळच्या उन्हात, माझ्या जाळीवरची माती आतून कोणी कुरतडू लागले. एक भोक पडले. त्यातून आधी मिशा आल्या, मग डोके, मग सगळी माशी. ती माझ्या कळांवरून चालत गेली, पंख्याच्या कळेवर थांबली, पंख सुकवले आणि खिडकीतून निघून गेली. मी बनलो तेव्हा मला पळायला शिकवले होते, रंगवायला शिकवले होते. माझ्या पोटाच्या उबेत कोणी जन्माला येईल, हे कोणी सांगितले नव्हते. त्या सकाळचा धक्का मी अजून पचवलेला नाही.

पुढच्या महिन्यात रक्षाला मुलगी झाली. सुखरूप. माशीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. मी यंत्र आहे, मला तसले कळत नाही. पण त्या तीन दिवसांत त्या घरात कोणी कोणाला घाई केली नाही, एवढे मी बघितले.

सुप्रिया आता बेळगावला असते. कंपनीने तिला टेबलावर एक यंत्र दिले आहे. सुट्टीला आली तेव्हा तिने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला, आणि मी बघतच राहिलो. करडा, जाडजूड, लोखंडी बिजागऱ्यांचा. अगदी नागराजच्या फळीवरच्या माझ्या शेजाऱ्याच्या जातीचा. पण आतून माझ्याहून वेगवान. म्हणजे पळतो आणि टिकतो असा असतो, मित्रांनो. फक्त तो माझ्या किमतीत नसतो. मी घरीच असतो. रक्षा माझ्यावर तिच्या बचत गटातल्या बायकांची नावे आणि रानातल्या कंदांची नावे लिहून ठेवते. माझा दिवा पांढराच असतो. रिकामे गाडगे काढू काय, असे तिला एकदा आजीने विचारले. "राहू दे," ती म्हणाली. "त्याला सवय झाल्याय."

तेव्हा मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखा एखादा घ्यायला गेलात, तर खोक्यावरचा आकडा वाचा, आणि न छापलेला आकडाही विचारा. झाकण एका बोटाने उचलून बघा. जाळीपुढे तळहात धरा. आणि घेतलातच पळणारा, तर त्याची जाळी साफ ठेवा, त्याला चुलीवर ठेवू नका, आणि त्याची धाप ऐका. चार तासांनी उभा करा. मात्र तो तास कुठला, ते आधी घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या.